टिशियनचें एक चित्र : पर्सियस आणि अँड्रोमिडा

कार्तिक-मार्गशीर्षांतील एखाद्या निरभ्र रात्रीं, प्रहरभर रात्र झाली असतां, उत्तरेकडे तोंड करून उभें राहिलें म्हणजे आकाशांत एका राजकुळाची सबंध कथा मांडलेली दिसते. समोर उंचावर इंग्रजी ‘एम्’ अक्षरासारखी शर्मिष्ठा, तिच्या डाव्या हातास वृषपर्वा, उजव्या हातास ययाति, जवळजवळ डोक्यावर देवयानी, आणि पाठीमागें दक्षिणेस अंधुक ताऱ्यांचा पसरलेला तिमिंगल. यांतील पहिल्या चौघांना मराठी ज्योतिषग्रंथांत महाभारतांतील नांवें आहेत. युरोपांत हेच तारकापुंज कॅसिओपिया, सीफियस, पर्सियस आणि अँड्रोमिडा या नांवांनीं ओळखले जातात, व तिमिंगल हा त्यांच्या कथेंतील समुद्रराक्षस होय.

नांवांची ही जोडणी मोठी सूचक आहे. दोन्ही कथांत एक राजस किंवा कुलीन कन्या संकटांत सांपडते आणि वाटेनें जाणारा एक वीर तिला सोडवितो. ययातीनें देवयानीला विहिरींतून वर काढलें. पर्सियसनें अँड्रोमिडाला समुद्रकांठच्या खडकावरून सोडविलें. परंतु एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. ययाति हात देऊन आपल्या वाटेनें निघून गेला, आणि ‘माझा हात तूं धरलास’ याची आठवण पुढें देवयानीनेंच त्याला करून दिली. पर्सियसनें मात्र आधीं मुलीच्या आईबापांकडून विवाहाचें वचन घेतलें आणि मग तलवार उपसली. सुटका करणें आणि मिळविणें या दोन गोष्टी या कथेंत पहिल्यापासून एकमेकींत गुंतलेल्या आहेत. सोळाव्या शतकांतील व्हेनिसचा थोर चित्रकार टिशियन यानें १५५४ ते १५५६ या काळांत जें ‘पर्सियस आणि अँड्रोमिडा’ नांवाचें तैलचित्र काढलें, त्याचें मर्म याच गुंत्यांत आहे.

मूळ कथा रोमन कवि ओव्हिड याच्या ‘रूपांतरें’ या काव्याच्या चौथ्या सर्गांत आली आहे. इथिओपियाची राणी कॅसिओपिया हिला सौंदर्याचा गर्व झाला. त्या गर्वाचा दंड म्हणून समुद्रांतून एक राक्षसी प्राणी देशावर चालून आला, आणि राजकन्येचा बळी दिल्यावांचून हें अरिष्ट टळणार नाहीं असा देवाचा कौल मिळाला. अपराध आईच्या जिभेचा आणि शिक्षा मुलीच्या देहाला, असा हा न्याय! राजा सीफियस यानें मुलीला खडकाला बांधून ठेवलें. त्याच सुमारास मेड्यूसा या सर्पकेशी राक्षसीचें शिर कापून पर्सियस आकाशमार्गानें परत येत होता. तिची दृष्टि पडे तो प्राणी शिळा होऊन जाई. त्या शिराचा हा गुण कापल्यावरही गेला नव्हता. त्याच्या पायांत पंख होते. खालीं बांधलेली ती तरुणी त्याला प्रथम संगमरवरी पुतळाच वाटली. वाऱ्यानें केंस हलले आणि डोळ्यांतून पाणी ओघळलें तेव्हां ती जिवंत आहे हें त्याला उमगलें. त्यानें नांव विचारलें. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. हात मोकळे असते तर तिनें चेहरा झांकून घेतला असता, असें कवि म्हणतो. तिची हकीकत पुरी होते न होते तोंच समुद्र गर्जूं लागला.

पुढील प्रसंग थोडक्यांत असा. किनाऱ्यावर मातापितरें रडत होतीं. रडायला पुढें पुष्कळ वेळ आहे, साहाय्याला मात्र क्षणभरच, असें सांगून पर्सियसनें आपली अट घातली. तीं अर्थातच कबूल झालीं. मग हवेंतून झेपा घेत त्यानें त्या प्राण्याशीं युद्ध केलें व शेवटीं त्याला ठार मारलें. युद्धानंतर मेड्यूसाचें शिर त्यानें समुद्रवनस्पतींच्या शय्येवर ठेविलें, आणि त्या वनस्पति कठीण होऊन त्यांचें पोवळें झालें. पोवळ्याच्या उत्पत्तीची ही ग्रीक-रोमन कथा.

हा विषय टिशियनकडे आला तेव्हां तो सुमारें पासष्ट वर्षांचा होता. आल्प्सच्या पायथ्याशीं पिएव्हे दी कादोरे या गांवीं त्याचा जन्म झाला, लहानपणींच तो व्हेनिसला आला आणि अर्धशतकभर त्या शहराच्या चित्रकलेवर त्याचें राज्य चाललें. सम्राट पांचव्या चार्ल्सनें १५३३ मध्यें त्याला सरदारकी दिली होती. चार्ल्सचा मुलगा फिलिप, जो पुढें स्पेनचा राजा दुसरा फिलिप झाला, त्याची व टिशियनची ऑग्सबुर्ग येथें १५५० च्या हिंवाळ्यांत गांठ पडली. त्यानंतर सुमारें दहा-बारा वर्षांत टिशियननें या एका आश्रयदात्यासाठीं पौराणिक विषयांवरील सहा मोठीं चित्रें तयार केलीं. डॅनाई, व्हीनस व अॅडोनिस, पर्सियस व अँड्रोमिडा, डायना व अॅक्टिऑन, डायना व कॅलिस्टो, आणि युरोपाचें हरण अशीं तीं सहा होत. टिशियन त्यांना ‘पोएझिए’, म्हणजे काव्यें, म्हणत असे. हा शब्द त्यानें उगाच वापरला नाहीं. कवीला कथेंत फेरफार करण्याची, गाळण्याची व भर घालण्याची जी मोकळीक असते, ती चित्रकारालाही आहे, असा दावा त्यांत आहे. व्हेनिसच्या छापखान्यांतून त्या काळीं ओव्हिडचीं इटालियन रूपांतरें निघत होतीं. टिशियनचा स्नेही लोदोव्हिको दोल्चे याचें रूपांतर १५५३ मध्येंच प्रसिद्ध झालें होतें. तेव्हां कथा सर्वांना ठाऊक होती. ती पाहावयाची कशी एवढेंच चित्रकारानें ठरवावयाचें होतें.

आतां प्रत्यक्ष चित्राकडे वळावें. सुमारें सहा फूट उंचीचें आणि उंचीपेक्षां किंचित् अधिक रुंदीचें हें कापड आहे. डाव्या बाजूस काळाकुट्ट खडक, आणि त्याला सांखळ्यांनीं बांधलेली अँड्रोमिडा. तिचा एक हात वर ओढला गेला आहे, दुसरा खालीं आहे. अंगावर झिरझिरीत पांढऱ्या वस्त्राचा केवळ एक पट्टा. देह एका दिशेला झुकतो आणि मान दुसऱ्या दिशेला वळते, त्यामुळें ती उभी आहे असें म्हणण्यापेक्षां बंधनांतल्या बंधनांत ती निसटूं पाहत आहे असें म्हणणें अधिक योग्य होईल. उजवीकडे फेंसाळलेल्या पाण्यांतून समुद्रराक्षस वर आला आहे; त्याचा जबडा उघडा असून तो मुलीकडे नव्हे तर आकाशाकडे वळला आहे. कारण तेथून पर्सियस कोसळत आहे. ‘उतरत आहे’ हा शब्द येथें पुरा पडत नाहीं. त्याचे पाय वर आणि डोकें खालीं आहे, एका हातांत ढाल आणि दुसऱ्यांत वांकडें खड्ग आहे, वाऱ्यानें वस्त्र फुगलें आहे. पलीकडे दूर किनाऱ्यावर शहर दिसतें. अँड्रोमिडाच्या पायांशीं शिंपल्यांबरोबर पोवळ्याच्या तांबड्या फांद्या पडल्या आहेत. कथेप्रमाणें पोवळें अजून जन्मास यावयाचें आहे. जें उद्यां घडणार त्याची खूण चित्रकारानें आजच पायांशीं टाकून ठेविली आहे.

या चित्रांत काय नाहीं तेंही पाहण्यासारखें आहे. पर्सियसला पंखांचा घोडा नाहीं. मध्ययुगांतील कथाकारांनीं पेगॅसस नांवाचा तो घोडा त्याला देऊन टाकला होता, आणि पुढें रूबेन्ससारख्या चित्रकारांनींही तो काढला. टिशियन मात्र ओव्हिडच्या पंखयुक्त पायांशीं प्रामाणिक राहिला. मेड्यूसाच्या शिराचा आयता उपयोग करून शत्रूची शिळा करणें हा सोपा मार्गही येथें नाहीं. युद्ध तलवारीनेंच होणार. आणि मातापितरांचा विलाप, वचनांची देवघेव, यांना तर चित्रांत ठळक जागाच मिळालेली नाहीं. मागें राहिले आहेत तीनच जीव : एक बांधलेला, एक खालून येणारा, आणि एक वरून येणारा.

त्यांतही सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्षणाची निवड. तिचें मोल कळण्यासाठीं याच विषयावरील दुसरीं दोन चित्रें शेजारीं ठेवावीं. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहांत पिएरो दी कोझिमो याचें १५१० नंतर थोड्याच वर्षांत काढलेलें चित्र आहे. त्यांत एकाच देखाव्यांत पर्सियस आकाशांत उडतांना दिसतो, राक्षसाच्या पाठीवर उभा राहून वार करतांना दिसतो, आणि विजयोत्सवांतही दिसतो. आपल्याकडील कांहीं भित्तिचित्रांत एकच पात्र कथेच्या ओघांत पुनःपुन्हां येतें तशीच ही रीति होय. फ्लॉरेन्समध्येंच जॉर्जो व्हझारी यानें १५७० ते १५७२ या काळांत एका राजपुत्राच्या खासगी दालनासाठीं पाटीच्या दगडावर जें तैलचित्र काढलें, त्यांत युद्ध संपलेलें आहे. वीर बंधनें सोडवीत आहे आणि जलकन्या नव्या पोवळ्याशीं खेळत आहेत. पहिल्यांत कथेचे सगळे क्षण आहेत, दुसऱ्यांत शेवटचा क्षण आहे. टिशियननें या दोहोंपेक्षां अवघड वाट धरली. त्यानें निकालाच्या आधींचा क्षण घेतला. खड्ग उगारलेलें आहे, पडलेलें नाहीं. जबडा उघडा आहे, मिटलेला नाहीं. सांखळी मनगटावर तशीच आहे. चित्राला सुटकेचें चित्र म्हणतात खरें, पण त्यांत सुटका झालेलीच नाहीं.

हें साधण्यास तैलरंगांचें माध्यम फार उपयोगी पडलें. व्हेनिसच्या दमट, खारट हवेंत ओल्या गिलाव्यावर काढलेलीं भित्तिचित्रें टिकत नसत. त्यामुळें तेथील चित्रकारांनीं कापडावरील तैलचित्रांचा मार्ग लौकर पत्करला. जहाजांच्या शिडांमुळें त्या शहरांत जाड, मजबूत कापडाची वाण नव्हती. कापडाचा आणखी एक गुण म्हणजे तें गुंडाळून दूरदेशीं पाठवितां येतें. त्यांत धोकाही होता. १५५४ मध्यें ‘व्हीनस व अॅडोनिस’ लंडनला पोहोंचलें तेव्हां कापडावर आडवी घडी पडल्याची तक्रार फिलिपनें केली होती. जवसाच्या किंवा अक्रोडाच्या तेलांत खललेला रंग सावकाश वाळतो. म्हणून चित्रकाराला बेत बदलण्यास, पुसण्यास, पातळ पारदर्शक थर एकावर एक चढविण्यास अवसर मिळतो. प्रस्तुत चित्राचीं क्ष-किरणांनीं छायाचित्रें घेतलीं असतां पृष्ठभागाखालीं आधींची निराळी मांडणी आढळून आली आहे. काम चालूं असतां टिशियननें आकृतींचे पवित्रे बदलले होते. अँड्रोमिडाच्या देहांतील ती अस्वस्थ वळणें एका बैठकींत सुचलेलीं नाहींत.

उतारवयांतील टिशियनच्या कामाच्या पद्धतीविषयीं त्याच्या हाताखालीं काम केलेल्या धाकट्या पाल्मानें सांगितलेली आणि सतराव्या शतकांत बोस्किनी यानें नोंदविलेली हकीकत प्रसिद्ध आहे. रंगाचे पहिले जाड थर दिल्यावर तो कापडें भिंतीकडे तोंड करून ठेवून देई व महिनोन् महिने त्यांकडे पाहत नसे. नंतर एखाद्या वैऱ्याकडे पाहावें तसें त्यांना न्याहाळून दोष काढी. आणि शेवटच्या हातास कुंचल्यापेक्षां बोटांनींच अधिक काम करी. व्हझारी १५६६ मध्यें व्हेनिसला येऊन त्याला भेटला होता. त्याचा अभिप्राय असा कीं, टिशियनचीं या काळांतील चित्रें जवळून पाहिलीं तर रंगाचे नुसते फटकारे दिसतात, आणि दूर गेल्यावर तीं पूर्णत्वास पोहोंचतात. पर्सियसच्या भोंवतालची हवा आणि राक्षसाभोंवतालचें पाणी पाहतांना या म्हणण्याची सत्यता पटते. तेथें रेषेनें काहींच बांधून ठेवलेलें नाहीं; बांधलेली अशी एक अँड्रोमिडाच, आणि तिच्या देहावरच चित्रकारानें सर्वांत स्थिर उजेड टाकला आहे.

या उजेडाचा हेतु मात्र निखालस निरागस होता असें म्हणतां येणार नाहीं. १५५४ मध्यें फिलिपला लिहिलेल्या पत्रांत टिशियननें स्वतःच खुलासा केला आहे. डॅनाईच्या चित्रांत स्त्रीदेह समोरून दिसत होता, म्हणून व्हीनसच्या चित्रांत तो पाठीमागून दाखविला. आतां अँड्रोमिडाच्या चित्रांत तो आणखी निराळ्या बाजूनें दिसेल, म्हणजे महाराजांच्या दालनास शोभा येईल. शिल्पांत मूर्तीभोंवतीं फिरतां येतें, चित्रांत फिरतां येत नाहीं. ही उणीव अनेक चित्रें मिळून भरून काढावी, असा त्या काळच्या कलावादांतील एक मुद्दा त्यामागें होता, हें खरें. पण तितकेंच खरें हेंही कीं, बांधलेल्या मुलीचें दुःख राजाच्या डोळ्यांना सुखविण्यासाठीं योजलें गेलें. शिवाय अँड्रोमिडा ही इथिओपियाची राजकन्या. ओव्हिडनें आपल्या इतर काव्यांत तिला सांवळी म्हटलें आहे. युरोपांतील बहुसंख्य चित्रकारांप्रमाणें टिशियननेंही तिला गोरी काढली, आणि तिचा देश तिच्या कांतीवरून पुसून टाकला.

मग या चित्राची थोरवी कशांत आहे? ज्या कामासाठीं तें सांगितलें गेलें त्या कामापुरतें तें राहिलें नाहीं, यांत आहे. केवळ देह दाखवावयाचा असता तर शांत, निश्चल आकृति पुरली असती. ओव्हिडच्या वीरालाही ती प्रथम पुतळाच वाटली होती. टिशियननें पुतळा नाकारला. त्यानें त्या देहांत भीति, ताण आणि प्रतिकार आणला, मान वर वळविली, आणि पाहणाऱ्याच्या सुखांत एक कांटा ठेवून दिला. तिच्याकडे पाहत राहावें तर तिची दृष्टि पाहणाऱ्याचें बोट धरून वर पर्सियसकडे नेते, पर्सियसचें खड्ग खालीं राक्षसाकडे नेतें, आणि राक्षसाच्या जबड्यापासून डोळा पुन्हां त्या सांखळीवर येतो. या फेऱ्यांतून सुटून नुसतें सौंदर्य पाहत बसणें कोणालाही कठीणच. पर्सियसही येथें निर्धास्त विजेता नाहीं. उलटा कोसळणारा तो तरुण पाहतांना मुलीइतकीच त्याचीही काळजी वाटते. आधीं ठरलेली अट, मिळणारी वधू, हुंड्यांत येणारें राज्य, हें सगळें त्या क्षणीं अधांतरीं लोंबत आहे; उरला आहे तो दोन जिवांचा धोका.

चित्राच्या स्वतःच्या वांट्यासही पुढें बरीच भटकंती आली. १५५६ मध्यें तें फिलिपकडे रवाना झालें. परंतु स्पेनच्या राजसंग्रहांत तें टिकलें नाहीं. सतराव्या शतकांत तें व्हॅन डाइक या चित्रकाराच्या मालकीचें होतें. पुढें फ्रान्समध्यें ऑर्लिअन्सच्या ड्यूकांच्या विख्यात संग्रहांत तें गेलें. फ्रेंच राज्यक्रांतींत तो संग्रह फुटला आणि त्यांतील इटालियन चित्रें १७९८ मध्यें लंडनला विक्रीस आलीं. १८१५ मध्यें हर्टफर्डच्या तिसऱ्या मार्क्विसनें हें चित्र विकत घेतलें. त्यानंतर त्याची ओळखच पुसली. अभ्यासक तें हरवलें असें धरून चालले, आणि तें मात्र लंडनच्या हर्टफर्ड हाऊसमध्यें सर रिचर्ड वॉलेस यांच्या न्हाणीघरांत टबाच्या वर टांगलेलें होतें! लेडी वॉलेस यांनीं १८९७ मध्यें सारा संग्रह राष्ट्राला दिला. १९०० मध्यें तो लोकांस खुला झाला. संग्रहाचे पहिले व्यवस्थापक क्लॉड फिलिप्स यांनीं काळवंडलेल्या त्या कापडांत टिशियनचा हात ओळखला, आणि हरवलेलें चित्र पुन्हां नांवावर आलें.

वॉलेस संग्रहांतील कोणतीही वस्तु बाहेर उसनी द्यावयाची नाहीं, असा दंडक शंभरांहून अधिक वर्षें पाळला गेला. २०१९ मध्यें विश्वस्तांनीं तो सैल केला. त्यामुळें २०२० च्या मार्च महिन्यांत लंडनच्या नॅशनल गॅलरींत सहाही ‘काव्यें’ चार शतकांहून अधिक काळानंतर प्रथमच एका छताखालीं आलीं. साथीच्या रोगामुळें तें प्रदर्शन अवघ्या तीन दिवसांत बंद करावें लागलें व उन्हाळ्यांत पुन्हां उघडावें लागलें. पुढें २०२१ मध्यें बॉस्टन येथें तीं सहा चित्रें पुन्हां एकत्र मांडलीं गेलीं. खुद्द टिशियन १५७६ मध्यें व्हेनिसमध्यें प्लेगची साथ चालूं असतां निवर्तला होता, हें अनेकांना त्या वेळीं आठवलें असेल.

ज्याला हें चित्र पाहण्याचा योग येईल, निदान त्याची चांगली प्रतिकृति हातीं लागेल, त्यानें एक गोष्ट करून पाहावी. कथेचा शेवट ठाऊक आहे हें क्षणभर विसरावें. कथेंत राक्षस मरतो, विवाह होतो, आणि अखेरीस सर्वजण तारे होऊन आकाशांत जातात. आकाशांतील देवयानी आणि ययाति कधींच निर्भय झालीं आहेत. कापडावरील अँड्रोमिडा मात्र तशी झालेली नाहीं. तिच्या मनगटावर सांखळी आहे, पायांशीं पोवळें आहे, आणि ज्याच्यावर सर्व भार आहे तो अजून हवेंत आहे.